जामीनदाराच्या पेन्शनचा तो मेसेज पुढे पाठवू नका

"जामीनदार पेन्शनरांनो, सावधान!" या मथळ्याचा एक मेसेज नागपुरातल्या निवृत्तांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही कोणाच्या कर्जाला जामीन राहिलात आणि त्याने हप्ते थकवले, तर बँक किंवा पतसंस्था तुमची पेन्शन थेट जप्त करू शकते. जामीनपत्रावर सही केली तेव्हाच तुम्ही त्याला संमती दिलेली असते. ग्रॅच्युइटीची एफडी म्हणजे साधी ठेव, ती आजच मोडा आणि मुलाच्या नावावर करा. बँकेने चुकून जास्त पेन्शन दिली असेल तर तीही कापून घेतली जाते. आणि पेन्शन ही मुळात सरकारची मेहेरबानी, बंद झाली तर दाद मागता येत नाही.

माझे मामाजी जलसंपदा विभागातून निवृत्त झालेत, मानेवाड्याला राहतात. शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन आहेत आणि एका पतसंस्थेची नोटीस त्यांना आधीच आलेली होती. त्यात हा मेसेज आला. मामींचा फोन आला म्हणून गेले, तर एफडीच्या पावत्या टेबलावर मांडलेल्या, मागे रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सह्याही करून ठेवलेल्या. "पैसे गेले तं म्हातारपणी खाचं काय?" असं म्हणत होते. ज्याने हे लिहिलं त्याने कायद्याचं एक पान उघडलं असतं, तर या माणसाची झोप उडाली नसती.

ते पान म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908, कलम 60. कर्जवसुलीसाठी काय जप्त करता येतं आणि काय येत नाही, ते तिथे लिहिलं आहे. पोटकलम (1) च्या परंतुकातल्या (अपवादांच्या यादीतल्या) खंड (g) मध्ये पेन्शनरांना मिळणारं निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी जप्तीतून वगळलेली आहेत. पेन्शनर सरकारचा असो, नगरपालिका-जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक संस्थेचा असो की इतर कोणत्याही मालकाकडचा. सरकारी पेन्शनला तर आणखी जुना आधार आहे. पेन्शन कायदा, 1871, कलम 11 नुसार धनकोच्या मागणीवरून कोणतंही न्यायालय ती जप्त करू शकत नाही.

मग ही अफवा आली कुठून? नोकरीत असलेल्या जामीनदाराच्या पगाराला मात्र हात लागतो. पोटगी सोडून इतर हुकूमनाम्यात (न्यायालयाच्या वसुलीच्या निर्णयात) पगाराचे पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात, बाकीचा भाग जप्त होऊ शकतो. कोणीतरी पगाराचा नियम पेन्शनला चिकटवून दिला.

संमतीचा मुद्दा एका ओळीत निकालात निघतो. त्याच कलमाचं पोटकलम (1क) सांगतं की या सवलतीवर पाणी सोडण्याचा करार रद्दबातल आहे. जामीनपत्राच्या बारीक अक्षरात काहीही छापलेलं असो.

आता एफडी. मला खरा संताप या सल्ल्याचा येतो, कारण बाकीचे मुद्दे घाबरवतात, हा मुद्दा नुकसान करतो. निवृत्तीच्या पैशाची ठेव केली की तिचं संरक्षण संपतं, हेच चूक आहे. राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन, ग्रॅच्युइटी हाती आल्यावर आणि मुदत ठेवीत गुंतवल्यावरही त्यांचं मूळ स्वरूप बदलत नाही, खंड (g) चं संरक्षण कायम राहतं. म्हणजे मामाजींच्या नावावर ती एफडी सुरक्षित होती. मुलाच्या नावावर गेली असती तर ते मुलाचे पैसे झाले असते. त्याच्या गाडीचं कर्ज थकलं, धंदा बुडाला, तर त्याचे घेणेकरी दारात उभे, आणि "हे माझ्या वडिलांच्या ग्रॅच्युइटीचे आहेत" असं त्याला म्हणता आलं नसतं. शिवाय एकदा दिलेलं दान परत मागणं किती कठीण! ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे, पण ते लागू व्हायला सांभाळ करण्याच्या अटीवर दिलं होतं हे दाखवावं लागतं. बँकेत पावती मोडून पैसे मुलाच्या खात्यात टाकताना अशी अट कोण लिहून घेतो? आमचा मामेभाऊ चांगला आहे, प्रश्न त्याचा नाही. ज्यांची मुलं चांगली नाहीत त्यांच्यापर्यंतही हा मेसेज गेलाय.

ही एफडी निवृत्तीच्या पैशातूनच झाली हे दाखवता मात्र आलं पाहिजे. ग्रॅच्युइटीचा आदेश, ती जमा झाल्याची पासबुकातली नोंद आणि एफडीची पावती एकत्र ठेवा.

जादा पेन्शनचं म्हणाल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाचा ऑगस्ट 2020 चा निकाल आहे. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या वृद्धाच्या पेन्शनमधून बँकेने 3 लाख 69 हजारांवर रकमेची वसुली काढली होती. न्यायालयाने ती रद्द केली, वर बँकेवर 50,000 रुपयांचा खर्च बसवला. मेहेरबानीचा मुद्दा तर सर्वोच्च न्यायालयाच्या 1982 च्या 'डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार' या निकालातच संपला. 2013 मध्ये झारखंडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शनला संविधानाच्या अनुच्छेद 300-क खालची मालमत्ताच म्हटलं.

पेन्शनला कधीच धक्का लागत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. गंभीर गैरवर्तन सिद्ध झालं तर 1982 च्या महाराष्ट्र निवृत्तिवेतन नियमांतल्या नियम 27 खाली सरकार ती रोखू शकतं. पत्नीच्या पोटगीसाठी ती जप्त होऊ शकते. तसं नागपूर खंडपीठानेच म्हटलं आहे, आणि ते योग्यच आहे, पत्नी काही सावकार नव्हे. ग्रॅच्युइटीबद्दल फेब्रुवारी 2025 मध्ये वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की नैतिक अधःपतनाच्या कृत्यासाठी बडतर्फ केलं, तर फौजदारी शिक्षा झालेली नसतानाही ती जप्त करता येते. पण यातलं काहीही शेजाऱ्याच्या थकलेल्या हप्त्यांना लागू नाही. आणि हो, जामीनदाराची जबाबदारी संपत नाही. करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे ती कर्जदाराइतकीच असते. मामाजींचा प्लॉट जप्तीत येऊ शकतो, म्हणून नोटीस फेकून देऊ नका.

नोटिशीला लेखी उत्तर द्या, त्यात दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60(1)(g) आणि सरकारी पेन्शन असेल तर 1871 च्या कायद्याचं कलम 11 लिहा, पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत जोडा, पोच घ्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट नाही. नवऱ्यामागे कुटुंब पेन्शनवर राहणाऱ्या बायांना हे कोणी सांगत नाही, त्यांना आधी सांगा.