फील्डवर निघताय? आधी कागदाची काळजी घ्या

अभिनंदन! विभागात सगळ्यात नवे तुम्ही, म्हणून यंदाची फील्ड टूर तुमच्या गळ्यात पडली आहे. ज्येष्ठांचे गुडघे, कोणाकडचं लग्न आणि एचओडींची नेमकी त्याच आठवड्यात निघालेली मीटिंग, हे सगळं दरवर्षीचंच आहे. मनाला लावून घेऊ नका. भूगर्भशास्त्राच्या मुलांना पावागड, मही नदीकाठच्या दरडी आणि कच्छ दाखवल्याशिवाय बडोद्यात तरी भागत नाही. मुलं सुखरूप परत आणणं अवघड काम आहे, हे मान्य. पण तुमच्यावर ते सोपवलेलंच नाही. तुम्हाला विभाग सुखरूप परत आणायचा आहे.

त्यासाठी हमीपत्र. ‘माझ्या पाल्यास काही झाल्यास विभाग अथवा सोबतचे शिक्षक जबाबदार राहणार नाहीत,’ हे वाक्य ठळक छापा. कुठे राहणार, जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, असला मजकूर त्यात घालू नका. पालक वाचायला लागतात. कोणाला दमा आहे, कोणाला फिट येते, कोणाचं इन्सुलिन चालू आहे, हेही विचारू नका. एकदा कळलं की काहीतरी करावं लागतं. दांडिया बाजारातली एखादी आजी खोदून विचारेलच, “अहो सर, तिथे दवाखाना आहे का जवळपास?” तिला म्हणा, “आजी, आम्ही दरवर्षी जातो.” या उत्तरापुढे आजवर कोणाचं काही चाललेलं नाही.

विभागात एखादा कनिष्ठ सहकारी ८ जून २०१४ ची गोष्ट काढेल. हैदराबादच्या एका कॉलेजची मुलं हिमाचलात मंडीजवळ ब्यासच्या पात्रात उतरली होती, वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. पुढे हिमाचलच्या उच्च न्यायालयाने प्रत्येक कुटुंबाला २० लाखांची भरपाई द्यायला लावली आणि त्यातला वाटा कॉलेजच्याही पदरात टाकला. हा विषय चहाच्या वेळी तरी नको. हरणी तलावाचा तर बडोद्यात नकोच नको. १८ जानेवारी २०२४, शाळेची सहल, बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत मावतात त्याहून जास्त माणसं बसवली होती आणि लाइफ जॅकेटं सगळ्यांना नव्हती. इथे मला काही विनोद सुचत नाही. पुढे चला.

आता बस. हे नीट समजून घ्या, कारण टूरमधलं सगळं कौशल्य इथेच लागतं. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं मागवा. सगळ्यात स्वस्त लक्झरीवाला घ्या. तो स्वस्त का, हे विचारू नका. त्याच्याकडे दुसरा ड्रायव्हर नसतो, म्हणून तो स्वस्त. टायर गुळगुळीत झालेले असतात, म्हणून तो आणखी स्वस्त. महाग कोटेशन घेतलंत तर अकाउंट्स तुम्हाला लेखी कारण विचारेल, आणि ‘मुलं जिवंत राहावीत म्हणून’ हे कारण त्यांच्या कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही. निघायचं रात्रीच. भुज चारशेहून जास्त किलोमीटर आहे. रात्रभर बस चालवली की लॉजचा एक दिवस वाचतो आणि सकाळी थेट आउटक्रॉपवर, म्हणजे उघड्या पडलेल्या खडकावर, उतरता येतं. ड्रायव्हर आदल्या रात्री लग्नाचं वऱ्हाड सोडून आलेला असतो. त्याला झोप येऊ नये म्हणून मुलांना पुढे बसवून गाणी म्हणायला लावा. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, पण आपण काळजी करायची ती सापांची. सापाचं नाव काढलं की सेफ्टीचं भाषण कसं रंगतं!

भाषण द्याच. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चार नावं फळ्यावर लिहा. फुरसे वीतभर असतं आणि दगडाखाली बसतं, आणि आपण मुलांना दगड उलटायलाच नेतो, ही बारीकशी अडचण आहे. चावलाच तर काय करायचं, हे सांगण्यात रस नसतो. हातपाय हलू द्यायचा नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून आवळायचं नाही, १०८ ला फोन करून प्रतिविष असलेल्या दवाखान्यात पोचायचं. इतकं सरळ उत्तर दिलं तर तुमची पंधरा मिनिटं भरणार कशी? त्यापेक्षा मांत्रिकाचा एखादा किस्सा सांगा. फोनला रेंज कुठे नाही, हे मुलांना तिथे गेल्यावर आपोआप कळतं.

टूरचा महिना तुम्ही निवडायचा नसतो. डिसेंबरात कच्छची हवा सुरेख असते, म्हणून फाइल तेव्हा वरच्या मजल्यावर पडून असते. मंजुरी मार्चमध्ये येते आणि ग्रँट ३१ मार्चला लॅप्स होते. त्यामुळे पारा चाळिशीला टेकला की आपण निघतो. दुपारी बारा ते चार सावलीत काढावेत असं डॉक्टर सांगतात. नेमक्या त्याच चार तासांत तीन साइट बसवा. मुली पाणी पीत नसतील तर कौतुक करा, किती सोशिक आहेत म्हणून. दिवसभरात कुठे स्वच्छतागृह नाही, म्हणून त्या सकाळपासून घोटभरसुद्धा पाणी पीत नाहीत, हे तुम्हाला कळत असलं तरी कळू देऊ नका. कळलं तर बस दोनदा पेट्रोल पंपावर थांबवावी लागेल आणि तिसरी साइट राहील.

एक गोष्ट मुलींना सांगायची नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१५ च्या लैंगिक छळविरोधी नियमांत फील्ड ट्रिपसुद्धा कॅम्पसच धरली आहे. म्हणजे बसमध्ये किंवा लॉजच्या पॅसेजमध्ये कोणी पाठीवरून हात फिरवला, तर अंतर्गत समितीकडे तक्रार होऊ शकते. त्यापेक्षा ‘फील्डवर सगळे एका कुटुंबासारखे असतात’ हे वाक्य पाठ करा. त्याच वर्षी यूजीसीने सुरक्षिततेच्या सूचनाही काढल्या. त्यांत सहज चढता येणार नाही अशी उंच भिंत आणि वर काटेरी तार, अशी सोय सुचवली आहे. कच्छच्या रणात भिंत सोबत नेता येत नाही, हा भूगर्भशास्त्राचा दोष, आपला नाही.

वाटेत खंभातच्या आखाताकडे वळणार असाल तर भरतीचं वेळापत्रक बघायची गरज नाही. तिथली भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी आहे. कावी-कंबोईचं स्तंभेश्वराचं देऊळ रोज पाण्याखाली जातं आणि दर्शनाची वेळ ओहोटी पाहून ठरते. पण ते पुजाऱ्यांचं काम. आपण पीएचडी आहोत. चिखलात मुलांना लांबवर न्या, पाणी आलं की तेच धावायला शिकतील. महीकाठी उभ्या दरडीच्या अगदी पायथ्याशी गट फोटो घ्या, वरून मातीची ढेकळं पडताना छान दिसतात. घरातली विश्वामित्री नदी मात्र सोडा. ऑगस्ट २०२४ च्या पुरात तिच्या मगरी आपणहून वस्तीत आल्या होत्या; त्यांच्यासाठी वेगळा टीए-डीए कशाला?

प्रथमोपचार पेटी घ्यायला विसरू नका. ती कपाटात असते, कपाटाची चावी शिपायाकडे असते आणि शिपाई रजेवर असतो. मिळालीच तर तिचा फोटो काढून रिपोर्टला जोडा. रिपोर्ट निघण्याआधीच लिहून ठेवा, ‘योग्य ती सर्व काळजी घेण्यात आली’ हे वाक्य परत आल्यावर सुचत नाही.

आणि निघायच्या आदल्या दिवशी एक मुलगी नक्की येईल. वहीत भरतीच्या वेळा, सरकारी रुग्णालयाचा नंबर, दुसऱ्या ड्रायव्हरचं काय ठरलं हा प्रश्न, सगळं टिपून आणलेलं असेल. तिला ओरडू नका. शाबासकी द्या, ताबडतोब ‘स्टुडंट सेफ्टी कोऑर्डिनेटर’ नेमा आणि नेमणुकीच्या पत्राखाली सही घ्या, तारखेसकट. आता काही झालंच तर जबाबदार कोण, याची तुमच्याकडे लेखी नोंद आहे.