जडपाणी मामांचं माप

दांडिया बाजारात आमचा ओटला आहे. पुण्याला त्याला कट्टा म्हणतात, आम्हा बडोदेकरांच्या तोंडी ओटलाच बसलाय. पाठीशी कधीच न उघडणारं शटर, समोर सेव-उसळची गाडी, आणि वारा फिरला की सूरसागराचा ओलसर वास. परवा नाना उशिरा आले, मान खाली घालून. बंड्यानं सरकून जागा दिली. मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं आणि तो आणखी सरकला. मग आणखी थोडा. शेवटी ओटल्याच्या टोकाला कसाबसा टेकून बसला.

“काय रे, मला खरूज झालीय?” नाना.

“तसं नाही नाना. पण काकूंना काल ते किरणोत्सर्गी इंजेक्शन दिलं ने? आणि तुम्ही एकाच घरात...”

कमरेच्या दुखण्यासाठी काकूंचा हाडांचा स्कॅन झाला होता. दवाखान्यानं सांगितलं, भरपूर पाणी प्या आणि दिवसभर गरोदर बाई आणि लहान मूल यांच्याजवळ बसू नका. सून सातव्या महिन्यात, तेव्हा सांगितलं ते बरोबरच. पण घरात त्याचं पुराण झालं. काकूंना आतली खोली, वेगळं ताट, वेगळा पेला, पेल्यावर खुणेला दोरा. “ती म्हणाली,” नाना सांगू लागले, “तीस वर्षांनी पुन्हा बाहेरची बसवलीत मला.”

कोणी हसलं नाही. म्हणजे मी हसणार होतो, पण नानांचा चेहरा बघून गप्प बसलो.

इथे जडपाणी मामा जागे झाले. मामा फर्टिलायझरनगरच्या बाजूला जड पाण्याच्या कारखान्यात होते, तिथूनच निवृत्त झाले. माझी आजी मरेपर्यंत म्हणायची की तिथे बॉम्ब बनतात. वास्तविक जड पाणी म्हणजे पाणीच, फक्त त्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा. नेहमीच्या पाण्याहून साधारण ११ टक्के जड, त्यामुळे त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो. आणि ते मुळात किरणोत्सर्गी नसतं. हे मामांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की नावच पडलं.

“बंड्या, इकडे सरक,” मामा म्हणाले. “तुझ्या स्वतःच्या अंगात पोटॅशियम आहे, त्यातलं थोडं किरणोत्सर्गी. तू नुसता बसलास तरी सेकंदाला चारेक हजार अणू फुटतायत. नानांनीच तुझ्यापासून लांब बसायला हवं.”

“हे तुमचं नेहमीचं, मामा. केळं किरणोत्सर्गी, माणूस किरणोत्सर्गी. मग दवाखान्यात शिशाचे एप्रन कशाला घालतात?”

प्रश्न चांगला होता. मामांनाही तो आवडला असावा, कारण ते चक्क ओटल्यावरून उठले आणि उसळवाल्याच्या शेगडीकडे बोट दाखवून बोलू लागले.

“भाकरी निखाऱ्यावर शेकली म्हणून भाकरीचा निखारा होतो का? होत नाही. गरम होते, फुगते, जास्त वेळ राहिली तर करपते. ताटात आली की ती भाकरीच. एक्स-रे काढलेल्या माणसाचं तसंच. किरण आले, गेले, घरी काही आलं नाही. पण निखाऱ्याचा तुकडा भाकरीला चिकटून ताटात आला, तर तोंड पोळणार. काकूंच्या अंगात टेक्नेशियम नावाचं किरणोत्सर्गी द्रव्य टोचलंय, म्हणजे निखारा आत गेलाय, बारीकसा. नाना मात्र नुसते शेजारी बसले. त्यांच्या अंगाला काही चिकटलेलं नाही.”

लासलगावचं उदाहरण त्यांनी ओघात दिलं. २००७ साली अमेरिकेला गेलेला आंबा तिथे गॅमा किरणांखालून गेला, किड्यांची पैदास थांबावी म्हणून. आंबा आंबाच राहतो. आणि आपल्या बडोद्यातच, गाजरावाडीला, शहराच्या गटाराचा गाळ कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूच्या किरणांपुढून फिरवायचं यंत्र भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलं होतं. जंतू मरायचे, गाळाचं खत व्हायचं. बंड्याला हे ठाऊकच नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी तसं दाखवलं नाही.

बंड्या हरणारा नव्हे. “मग तुमचं ते कोबाल्ट-६० आलं कुठून? साधा कोबाल्ट अणुभट्टीत ठेवतात, तेव्हा तो किरणोत्सर्गी होतो. मी वाचलंय. म्हणजे भाकरीचा निखारा होतो की!”

मामा थांबले. त्यांची उपमा चाळीस वर्षं कोणी अशी धरली नसावी.

“होतो,” ते म्हणाले. “तिथे न्यूट्रॉन असतात, अणूच्या गाभ्यातलेच कण, पण सुटे फिरणारे. न्यूट्रॉन अणूच्या गाभ्यात घुसून बसतो, तेव्हा खरंच भाकरीचा निखारा होतो. भट्टीतलं लोखंड, नळ्या, आत फिरणारं आमचं जड पाणीसुद्धा. त्यात ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, तयार होतं. पण नाना काही अणुभट्टीत बसले नव्हते.”

मग मोबाइलच्या टॉवरवर पाचेक मिनिटं गेली, ती लिहीत नाही. त्या लहरींत अणूतला इलेक्ट्रॉन उडवायची ताकदच नसते, एवढं बोलून मामांनी तो विषय संपवला. काक्रापारच्या अणुवीज केंद्रावर मात्र आवाज चढले. बंड्याचं म्हणणं, तापीकाठी ती भट्टी म्हणजे बॉम्बच. मामांचं म्हणणं, तिथे नैसर्गिक युरेनियम जळतं, त्यात फुटणारा युरेनियमचा प्रकार शेकडा ०.७, बॉम्बला नव्वदच्या आसपास लागतो, ओल्या सरपणाची दारू कशी उडेल? “आणि २०१६ ला गळती झाली ती?” बंड्यानं विचारलं. ११ मार्च, जपानच्या फुकुशिमा अणुदुर्घटनेला बरोबर पाच वर्षं झाली त्याच दिवशी. मामांनी मान्य केलं की नळी फुटून जड पाणी गळालं आणि भट्टी बंद करावी लागली. बॉम्ब नव्हे, पण गंमतही नव्हे.

यावर बंड्यानं ठेवणीतलं काढलं. दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं कोबाल्टचं यंत्र लिलावात भंगारात गेलं. भंगारवाल्यांनी ते कापलं. एक माणूस मेला, बाकीचे आजारी पडले. “तुमचं कोबाल्ट शहाणं असेल, मामा. भंगारवाल्याला कोण सांगणार होतं आत काय आहे ते?”

याला मामांकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं कोणाकडेच नाही. इतकी वर्षं अणुऊर्जा खात्यानं लोकांशी बोलायचं म्हटलं की तोंडात मिठाची गुळणी धरली. मग आजीनं बॉम्ब म्हटलं तर तिची काय चूक?

नाना इतका वेळ गप्प होते. “ते सगळं राहू दे. हिच्या अंगात आता किती उरलंय, तेवढं सांगा.”

“इंजेक्शन किती वाजता?”

“काल सकाळी अकराला.”

मामांनी गाडीवाल्याकडून खडू घेतला, तो भाव लिहायचा, आणि ओटल्याच्या फरशीवर वाकले. “टेक्नेशियम दर सहा तासांनी अर्धं होतं. काल अकराला एक शेर धरू. संध्याकाळी पाचला अच्छेर. रात्री अकराला पावशेर. पहाटे पाचला नवटाक.”

नवटाक म्हणताच गाडीवरच्या दोघांनी माना वळवल्या. गुजरातेत दारूबंदी आहे, कान तयार असतात.

“आज सकाळी अकराला छटाक. आणि आज पाचला अर्धा छटाक. बत्तिसावा हिस्सा. तोही पुरता नाही, कारण बरंचसं लघवीतून गेलं, म्हणून तर पाणी प्यायला सांगितलं. संडासातून आल्यावर हात धुतले की झालं. ताट-पेल्यांचं काही कारण नव्हतं. उद्या सकाळी तर नावापुरतं उरेल.”

नाना त्या खडूच्या रेघांकडे बराच वेळ बघत राहिले. शेर, अच्छेर, पावशेर. लहानपणी त्यांच्या वडिलांचं मांडवीला वाण्याचं दुकान होतं, ही मापं त्यांच्या हाताखालून गेलेली.

“रिपोर्ट उद्या मिळणार आहे,” ते एकदम म्हणाले.

तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की माणसाची मान किरणांपायी खाली नव्हती. बंड्या टोकावरून उठला आणि नानांना लागून बसला. कोणी काही बोललं नाही. उसळवाल्यानं तर्रीच्या पातेल्यात डाव फिरवला, त्याचा तेवढा आवाज.

नानांनी फोन लावला. कानाला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवरच.

“अगं, मामांनी हिशेब केला. अर्धा छटाक उरलीस.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग काकू म्हणाल्या, “बरं. मग सेव-उसळ बांधून आणा, पाव दोन जास्तीचे. आणि येताना तो पेल्याचा दोरा कापायला ब्लेड आणा, सुनेनं गाठ फार घट्ट मारलीय.”