खाणी सुरू होताहेत, पण शाळा सोडणाऱ्या मुलांचं काय?

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींवरचा वाद मी ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधून वाचतो. डिचोलीचा खाणपट्टा 2024 मध्ये सुरू झाला, इतर पट्ट्यांचेही लिलाव झाले. एका बाजूला शेतं आणि झरे, दुसऱ्या बाजूला ट्रकवाल्यांचा रोजगार. दोघांचंही म्हणणं खरं आहे. पण मागच्या तेजीत डिचोली, सत्तरी, सांगे या खाणींच्या तालुक्यांतल्या ज्या मुलांनी शिक्षण सोडलं, त्यांचं नाव कुणी घेत नाही.

चीनची मागणी इतकी वाढली होती की गोव्याचं हलक्या प्रतीचं खनिजही हातोहात जाई. ट्रकवर चढलेला पोरगा थोड्याच वर्षांत शिकलेल्या भावापेक्षा जास्त पैसे घरी आणायचा. अशा घरात ‘कॉलेज कशाला?’ असं विचारलं जाणारच. त्यात आळस नव्हता, सरळ हिशेब होता. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. दारात उभा ट्रक, बँकेचे हप्ते, आणि दाखवायला फक्त दहावीचं गुणपत्रक. कर्जदारांसाठी सरकारनं दिलासा योजना आणली. बुडालेल्या शिक्षणाबद्दल मात्र तेवढ्या तळमळीनं कुणी बोललं नाही.

इथे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा या खाणींच्या प्रदेशातही तेच लोहखनिज, तोच चीन. टनाचा भाव 2011 मध्ये 190 डॉलरच्या आसपास होता, 2015 च्या अखेरीस 40 च्या खाली आला. नुसते डंपर चालवणारे इथेही घरी बसले. पण खाणीवर इलेक्ट्रिशियन किंवा फिटर व्हायला साधारण चार वर्षांची उमेदवारी (अप्रेंटिसशिप) करावी लागते. काम करताना पगार मिळतो, सोबत टेफ या सरकारी संस्थेत वर्ग, आणि शेवटी देशभर चालणारं प्रमाणपत्र. भाव पडला तरी ते हातात राहतं.

कॅनडात अल्बर्टातल्या सत्तरच्या दशकातल्या तेलतेजीचा अभ्यास झाला आहे. तेव्हाच्या तरुणांनी शिक्षण लांबवलं, पण बहुतेकांनी पुढे ते भरून काढलं. परतायला वाट होती म्हणून ते जमलं, असं मला वाटतं. पंचविशीतल्या, हप्त्यांनी वाकलेल्या ट्रकवाल्याला डिचोली तालुक्यातल्या साखळी गावात अशी कोणती वाट होती?

खाणकंपन्यांच्या पैशातून भरणाऱ्या जिल्हा खनिज निधीतून शिक्षणावर खर्च करता येतो. त्यातून खाणपट्ट्यातल्या आयटीआयमध्ये संध्याकाळचे वर्ग आणि शिकणाऱ्याला विद्यावेतन द्या. खाणकंपन्यांना ठरावीक शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक करा. हे आत्ताच, भाव चांगला असताना ठरवायला हवं. मंदी आली की निधीत पडणारी भरही आटते.