वेगळी चूल, सामायिक बांध: ब्रेक्झिटच्या फॉरवर्डला उत्तर

'ब्रिटनने युरोपची गुलामी कशी झुगारली' हा फॉरवर्ड गेल्या आठवड्यात मला तीन ग्रुपांवर आला: शाळेच्या, सोसायटीच्या आणि मावसभावंडांच्या. म्हणणे असे, की दर आठवड्याचे ३५ कोटी पौंड वाचले, ब्रुसेल्सच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयातल्या, बाबूंचे राज्य संपले, कोरोनाची लस सगळ्यांआधी मिळाली, परक्यांचे लोंढे थांबले, भारताशी करार झाला आणि आपल्या मुलांना दारे उघडली. आणि हे सगळे म्हणे 'अख्ख्या देशाने एकमुखाने' ठरवले. युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे (म्हणजे ब्रेक्झिट) यावर सार्वमत झाले तेव्हा मी लंडनच्या हॅरो भागात राहत होतो, मतही दिले होते. त्यामुळे नुसती 'लाइक'ची खूण टाकून पुढे जाणे जमेना.

'एकमुखाने' इथूनच सुरुवात करू. २३ जून २०१६ ला ५१.९ टक्के लोक म्हणाले बाहेर पडा, ४८.१ टक्के म्हणाले राहा. इंग्लंड आणि वेल्स एकीकडे. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये जवळपास ५६ टक्के लोकांना राहायचे होते. त्याहून मजेशीर होती मतदार यादी. भारत राष्ट्रकुलात, म्हणून भारतीय पासपोर्टवर मला मत होते. माझ्या वरच्या मजल्यावरचे पोलिश जोडपे दहा वर्षे तिथे कर भरत होते, पण युरोपीय नागरिक म्हणून त्यांना नव्हते. ज्यांच्या बिऱ्हाडाचा प्रश्न होता ते घरी बसले आणि मी, पुण्याचा माणूस, चिठ्ठीवर फुली मारून आलो.

'३५ कोटी वाचले.' हा आकडा प्रचाराच्या लाल बसवर रंगवलेला होता. तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी १९८४ मध्ये भांडून संघाच्या वर्गणीत सूट मिळवली होती. ती आधीच वजा व्हायची, म्हणजे तेवढे पैसे लंडनहून निघतच नव्हते. जे जायचे त्यातलेही शेतकऱ्यांसाठी, संशोधनासाठी, मागे पडलेल्या भागांसाठी परत यायचे. २०१६ चा निव्वळ हिशेब वर्षाला साधारण ८६० कोटी पौंडांचा, म्हणजे आठवड्याला सोळा-साडेसोळा कोटींचा. बसवरच्या आकड्याच्या निम्माही नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांनी तोच आकडा पुन्हा उगाळला, तेव्हा ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी त्यांना पत्र लिहून हा सरकारी आकडेवारीचा गैरवापर असल्याचे सुनावले.

वहीची दुसरी बाजूही बघू. सरकारी खर्चावर नजर ठेवणाऱ्या तिथल्या स्वतंत्र कार्यालयाचा अंदाज आहे, की राहिले असते त्याच्या तुलनेत देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. अंदाज चुकतात, हे कबूल. 'राहा'वाल्यांनीही थापा कमी मारल्या नाहीत. अर्थखात्याने तर मतदान विरोधात गेले की लगेच मंदी येईल, असे भाकीत केले होते. तशी ती आली नाही.

'ब्रुसेल्सच्या बाबूंचे राज्य.' मसुदा बाबूच लिहितात, खरे आहे. आपल्याकडे कोण लिहितो? तो संमत करायचे सदस्य देशांचे मंत्री आणि निवडून आलेली युरोपीय संसद, जिथे ब्रिटनचे ७३ खासदार होते. बाहेर पडण्याचा सर्वांत मोठा गळा काढणारे नायजेल फराज तिथे १९९९ पासून २०२० पर्यंत भत्ते घेऊन बसले. युरो नको म्हटले, नाही घेतला. शेंगेन (सरहद्दीवर पासपोर्ट न तपासण्याची व्यवस्था) नको म्हटले, तेही नाही घेतले. निळा पासपोर्ट हे स्वातंत्र्याचे चिन्ह म्हणून मिरवला, पण क्रोएशियाचा पासपोर्ट संघात राहूनही निळाच आहे. (ब्रिटनचे नवे निळे पासपोर्ट छापले जातात पोलंडमध्ये. असो.)

इथे एक मुद्दा मात्र प्रामाणिक आहे. अनेक विषयांत इतर देश बहुमताने ब्रिटनला हरवू शकत होते आणि युरोपीय कायद्यावर शेवटचा शब्द लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाचा होता. हे ज्याला खपत नाही त्याच्याशी माझा वाद नाही, तो आवडीनिवडीचा प्रश्न आहे. पण याला गुलामी म्हणू नका. ग्रीनलंड १९८५ मध्येच त्या समूहातून बाहेर पडला होता, आणि २००९ पासून तर बाहेरचे दार संघाच्या करारातच लिहिलेले होते.

फॉरवर्डमध्ये ज्याचे नावही नाही ते उत्तर आयर्लंड. चूल वेगळी मांडली तरी बांध सामायिक राहतोच. तिथला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या शांतता करारानंतर संघातल्या आयर्लंड देशाशी असलेली तिथली सरहद्द जवळपास दिसेनाशी झाली होती. आता एका बाजूला युरोपचे नियम, दुसऱ्या बाजूला ब्रिटनचे; तपासणी करायची कुठे? जमिनीवर केली तर जुने दुखणे उकरले जाणार, म्हणून ती समुद्रात ढकलली. परिणामी ब्रिटनमधून ब्रिटनच्याच एका भागात माल पाठवायला कागदपत्रे लागू लागली. यावर उत्तर आयर्लंडचे सरकार कोसळून दोन वर्षे ठप्प राहिले आणि २०२३ मध्ये ब्रुसेल्सशी नव्याने बोलणी करावी लागली.

'लस.' फायझरच्या लशीला ब्रिटनने २ डिसेंबर २०२० ला परवानगी दिली, तेव्हा बाहेर पडल्यानंतरचा संक्रमणकाळ चालू होता आणि युरोपचेच कायदे लागू होते. आणीबाणीत एकट्या देशाने परवानगी देण्याची सोय त्याच कायद्यात होती.

'लोंढे थांबले.' जून २०२३ ला संपलेल्या वर्षात येणारे वजा जाणारे अशी संख्या ९ लाखांहून जास्त होती, सार्वमताच्या वेळच्या दुपटीहून जास्त. युरोपातून येणारे घटले, बाहेरून येणारे वाढले, आणि त्यांत सर्वांत पुढे आपण भारतीय: विद्यार्थी, नर्स, वृद्धांची काळजी घेणारे. पुढे नियम आवळल्यावर आकडा उतरला. पण हा फॉरवर्ड पाठवणाऱ्या मावसभावाचा मुलगा त्याच काळात लेस्टरला एमएससी करत होता. तो कोणत्या लोंढ्यात धरायचा?

'भारताशी करार.' हा मुद्दा मी मान्य करतो. संघात राहून ब्रिटनला २४ जुलै २०२५ चा करार एकट्याने करता आला नसता. व्हिस्कीवरचा आपला १५० टक्के कर आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार आहे. मात्र ब्रिटिश सरकारचाच अंदाज असा, की यातून २०४० पर्यंत वर्षाला ४८० कोटी पौंडांची भर पडेल, म्हणजे जीडीपीच्या एक-दशांश टक्क्याच्या आसपास. वरचे चार टक्के आठवा.

आणि 'आपल्या मुलांना दारे उघडली'? पुण्याच्या मुलांपुरते काही अंशी खरे. गोव्याच्या मुलांना विचारा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकते. पोर्तुगाल संघात असल्याने त्या पासपोर्टवर हजारो गोंयकार स्विंडनला, साउथॉलला गेले आणि गोदामांत, कारखान्यांत कामाला लागले. ३१ डिसेंबर २०२० नंतर नव्याने जाणाऱ्याला त्या पासपोर्टचा उपयोग उरला नाही, त्यालाही आता व्हिसाच्याच रांगेत उभे राहावे लागते. स्विंडनने स्वतः सुमारे ५५ टक्क्यांनी 'बाहेर पडा' म्हटले होते. त्या दिवशी तिथल्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्या म्हापसेकराला मत नव्हते. भारतीय पासपोर्ट न सोडता तिथे राहणाऱ्या त्याच्या शेजाऱ्याला होते.