तारखा आणि कल्पना

‘पुरावा संपतो तिथे कादंबरीकाराची कल्पना सुरू होते’ हे चरित्रात्मक (खऱ्या व्यक्तीच्या आयुष्यावरच्या) कादंबरीविषयीच्या एका लेखातले विधान मला अर्धेच पटले, कारण अशा कादंबरीत कल्पनेची कसोटी पुरावा हातात असतानाही लागते. साधी तारखेची गोष्ट घ्या. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे फेब्रुवारी १७०० अशी तारीख घातलेले पत्र आपल्या हिशेबाने बहुधा १७०१ मधले असते, आणि हे ध्यानात न घेणारा लेखक नायकाला वडिलांच्या निधनाची वार्ता आधी व त्यांच्या आजारपणाची नंतर वाचायला लावतो. १७५२ मध्ये तर कॅलेंडर बदलल्यामुळे तिथे २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. मधल्या अकरा तारखांना तिथे एखादा प्रसंग घडवणे म्हणजे हसे करून घेणे. (अशा चुका रसिक वाचक सोडून देतात, जाणकार नाही.) याहून अवघड भाग वेगळाच आहे: लढाईचा निकाल लेखकाला ठाऊक असतो, आदल्या रात्री तंबूत जागणाऱ्या त्याच्या नायकाला नसतो, आणि बहुतेक कादंबऱ्यांत त्या रात्रीच्या संवादांतून लेखकाचे हे आगाऊ ज्ञान हटकून डोकावते.