दोन वायरींत लोंढ्याचं यार्ड चालत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या फोनवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातला दावा असा: डीसीसी (रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारी पद्धत) कंट्रोलर घेतला की रुळाला दोन वायरी पुरे. सांध्यांना, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जागांना, वेगळी वायर लागत नाही, ब्लेडमधून (सांध्याच्या सरकणाऱ्या पात्यांमधून) करंट आपोआप जातो. डबल स्लिप (छेदणाऱ्या दोन रुळांवर चारही मार्ग देणारा सांधा) असेल तर ब्लेडं हलवणाऱ्या प्रत्येक मोटरची वायर तिच्या शेजारच्या फ्रॉगला (आतले रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकदार भागाला) द्या. अडलंच तर इन्सुलेटेड (वीज न वाहणाऱ्या) फ्रॉगचे सांधे घ्या. आणि वायर कुठलीही चालते, गणपतीच्या देखाव्यातली उरलेलीसुद्धा. नवी पोरं हे वाचून महागडे सांधे आणतात, चिकटवतात, आणि गाडी अडली की हाच छंद अवघड म्हणून सोडून देतात. ते होऊ नये म्हणून लिहितोय.

दोन वायरींत साधा गोल रूळ चालतो, हे खरं आहे. डीसीसीत रुळात कायम वीज असते, हुकूम इंजिनातल्या डिकोडरला (तो हुकूम ओळखणाऱ्या सर्किटला) जातो, त्यामुळे रुळाच्या एकेका तुकड्याची, म्हणजे ब्लॉकची, वीज चालू-बंद करणारे स्विच वाचतात. पण गाडी वळसा घालून त्याच रुळावर उलटी परत येईल असा लूप टाकलात की डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होतो. लाइव्ह (वीज वाहणाऱ्या) फ्रॉगच्या सांध्यातही नेमकं हेच घडतं. कंट्रोलर बदलून रुळांची भूमिती बदलत नाही.

ब्लेडमधून करंट जातो, तोही नवा सांधा डब्यातून काढल्यावर. ब्लेड स्टॉक रेलला (बाहेरच्या स्थिर रुळाला) टेकतं ती जागा अगदी चिंचोळी. तिथे रंगाचा शिंतोडा उडाला, बॅलास्टचा (रुळाखालच्या खडीचा) गोंद ओघळला किंवा खानापूरकडच्या पावसाळ्यात ओल आणि धूळ बसली, की सांध्यावर इंजिन आचके देऊ लागतं. फ्रॉगपुढच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जॉइनर घाला, फ्रॉगला स्वतंत्र वायर डाग देऊन (सोल्डर करून) जोडा आणि ती वायर मोटरच्या बदलत्या कॉन्टॅक्टवर न्या. टॉर्टॉइस मोटरमध्ये असे दोन संच आतच असतात. पेकोच्या साध्या सोलेनॉइड मोटरला मात्र वेगळा स्विच जोडावा लागतो.

आता डबल स्लिप. मिरजेकडची, हुबळीकडची आणि कॅसलरॉकवरून गोव्याकडे जाणारी लाइन एका यार्डात आणणारं लोंढा मांडायचं, तर जागा वाचवायला हा सांधा हवासा वाटणारच. आणि मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला याच्याचबद्दल आहे. उजवीकडून येणारी गाडी डावीकडे कुठल्या रुळावर बाहेर पडणार, हे उजवीकडची ब्लेडं ठरवतात. बाहेर पडताना ती डावीकडच्या फ्रॉगवरून जाते. म्हणजे डाव्या फ्रॉगची पोलॅरिटी (त्याला कुठल्या रुळाची वीज मिळते ते) उजव्या मोटरने बदलायला हवी आणि उजव्या फ्रॉगची डाव्या मोटरने. वायरी आडव्या जातात, शेजारी नाही.

शेजारच्या फ्रॉगला दिल्या तर काय होतं? चारपैकी दोन मार्ग व्यवस्थित चालतात आणि दोन मार्गांवर बूस्टर (रुळाला वीज पुरवणारं यंत्र) ट्रिप होतो, म्हणजे शॉर्ट ओळखून वीज तोडतो. बघणाऱ्याला वाटतं, लाल-काळी वायर उलटी लागली असेल. दोन्ही फ्रॉगच्या वायरी उलटल्या की आधी अडणारे दोन मार्ग चालू होतात आणि चालणारे दोन बंद पडतात. मग सांध्याला, इंजिनाला, दुकानदाराला दोष देणं सुरू होतं. चारही मार्गांवर एकेक इंजिन सावकाश चालवून बघा. बरोबर दोनच चालत असतील तर बहुधा वायरी शेजारी लागल्यात, आधी तेच तपासा. कॉन्टॅक्टची भानगडच नको असेल, तर शॉर्ट ओळखून स्वतःच पोलॅरिटी बदलणारं सर्किट मिळतं. खर्च वाढतो, पण काम चोख होतं.

इन्सुलेटेड फ्रॉग वाईट नाही, लांब डिझेल इंजिनाला चालतो. पण चार चाकांचं छोटं शंटर (यार्डात डबे हलवणारं इंजिन) मेल्या फ्रॉगवर थांबतं. शिवाय फ्रॉगच्या टोकाशी विरुद्ध पोलॅरिटीचे रूळ इतके जवळ असतात की रुंद चाक दोन्हींना एकदम लागतं, आणि डीसीसी तो क्षणभराचा शॉर्टही पकडतं. तिथे रंगहीन नेलपॉलिशचा पातळ हात दिला की बहुधा भागतं.

राहिली वायर. १५ व्होल्ट म्हणजे निरुपद्रवी, असं धरून चालू नका. बारीक वायर आणि सैल जोड मिळून ४ ओहम रोध झाला, तर शॉर्टमध्ये ३.७५ अँपिअरच वाहतील. ५ अँपिअरचा बूस्टर ट्रिप होणारच नाही. वायर, जोड आणि रुळावरून घसरलेल्या डब्याची बोगी (चाकांचा गाडा) मिळून साधारण ५६ वॅट उष्णता सोसत राहतील. आपलं डाग द्यायचं आयर्न २५ वॅटचं असतं. बससाठी (रुळाखालून जाणाऱ्या मुख्य वायरीसाठी) दीड एमएमची तांब्याची वायर घ्या आणि दर दोन-तीन फुटांवर तिच्यातून रुळापर्यंत फीडर, म्हणजे छोटी वायर, काढा. मग रुपयाचं नाणं घेऊन यार्डाच्या सर्वांत लांबच्या टोकाला, आणि प्रत्येक सांध्याच्या पुढे-मागे, दोन्ही रुळांवर टेकवा. प्रत्येक ठिकाणी बूस्टर तत्काळ ट्रिप झाला पाहिजे. जिथे ट्रिप होत नाही तिथला जोड उघडून पुन्हा डाग द्या, आणि तोवर त्या रुळावर गाडी घालू नका.