‘यंत्राला चिखल कळत नाही’ : सांगलीच्या सर्व्हेअर सरांना उत्तर

नमस्कार सर,

घरविम्याच्या दाव्यात वस्तूंची यादी करणं, किंमत लावणं आणि बदली वस्तू घरपोच पाठवणं हे काम यंत्रावर, म्हणजे संगणकाच्या सॉफ्टवेअरवर, सोपवावं, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही, विम्याच्या दाव्यांसाठी घरोघर जाऊन नुकसान तपासणारे सर्व्हेअर म्हणून, मनापासून आणि चिडून लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: यंत्राला चिखल कळत नाही, पूरग्रस्ताला फ्रिज नको असतो, हातात पैसे हवे असतात, आणि हा सगळा खटाटोप कंपन्यांचे पैसे वाचवायला आहे. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘यंत्राने नाही म्हटलं तर माणसाने भांडायचं कोणाशी?’

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या पुरानंतर तुम्ही गावभागात घरोघर सर्व्हे केलेत. भिंतीवरची पाण्याची रेघ बघून कपाटाच्या कुठल्या कप्प्यापर्यंतचं सामान गेलं असेल हे सांगणारा माणूस घरी पाठवूच नये, असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. नुकसान झालं का, कशाने झालं, कुठवर झालं, हे बघायला माणूसच हवा.

माझा राग आहे तो यादीवर.

‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी घ्या. १ एप्रिल २०२१ पासून घरविम्याची ही प्रमाणित, म्हणजे सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींची, पॉलिसी लागू आहे. इमारतीचा विमा घेतला की त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, एवढं घरसामानाचं संरक्षण आपोआप मिळतं. घरात काय काय आहे हे पॉलिसी देताना कोणी विचारत नाही. फार चांगली सोय आहे. पण पाणी ओसरलं की त्याच घरातल्या बाईला वस्तू, खरेदीचं वर्ष, किंमत, बिल असे रकाने भरायला बसवतात. घ्यायच्या वेळी यादी नको आणि द्यायच्या वेळी प्रत्येक वस्तूचा जाब द्या, हा कुठला न्याय? मिक्सरची भांडी किती, गाद्या किती, मुलांची दप्तरं कुठल्या साली घेतली हे धड असलेल्या घरात बसूनही कोणाला आठवणार नाही. मग माणूस दमतो आणि ‘भांडी व इतर किरकोळ’ अशी एक ओळ लिहून मोकळा होतो. सगळ्यात जास्त पैसे त्या एका ओळीत बुडतात. तुम्ही अशा ओळी कितीतरी बघितल्या असतील.

कॅलिफोर्नियात वणव्यांनंतर लोकांनी याच गोष्टीवरून आवाज उठवला. तिथे २०२० मध्ये झालेल्या कायद्यात तरतूद अशी होती: सरकारने आणीबाणी जाहीर केलेल्या आपत्तीत घर पूर्ण गेलं, तर घराच्या विमा रकमेच्या किमान ३० टक्के, कमाल अडीच लाख डॉलर, सामानापोटी द्यायची तयारी कंपनीने दाखवायची, आणि तेवढ्यासाठी एकेका वस्तूची यादी मागायची नाही. आपल्याकडेही हे व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण नुकसान अर्धवट असेल किंवा कोणाला पूर्ण हक्काचे पैसे हवे असतील, तर यादी लागणारच. ती यंत्राने करावी.

परदेशी विमा कंपन्यांच्या दाव्यांचं सॉफ्टवेअर हे माझं रोजचं काम आहे, म्हणून यंत्र नक्की काय करतं ते सांगते. फ्रिजच्या आतलं स्टिकर पाण्याने निघालेलं असतं, पण मॉडेल नंबर बहुतेकदा मागच्या बाजूलाही असतो. त्याचा फोटो काढला की यंत्र नंबर वाचतं, ते मॉडेल आज विकत मिळतं का बघतं, नसेल तर तेवढ्याच लिटरचं, तेवढ्याच दारांचं आजचं मॉडेल शोधतं आणि आजचा भाव लावतं. बिल नसेल तर घरच्यांच्या संमतीने ऑनलाइन खरेदीची नोंद, बँकेचा मेसेज, वॉरंटीची नोंदणी धुंडाळतं. आणि फोटो! भाऊबीजेच्या फोटोत मागे टीव्ही असतो, बारशाच्या फोटोत सोफा असतो. घरचे फोन पाण्यात गेले तरी हे फोटो पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅपवर शाबूत असतात. त्यातून यादीचा पहिला खर्डा लवकर उभा राहतो. घरच्यांनी फक्त ‘हो, नाही, हे राहिलं’ एवढंच सांगायचं. जून २०२४ च्या परिपत्रकात विमा नियामकानेही बजावलंय की कागदपत्रं नाहीत म्हणून दावा फेटाळायचा नाही. मग पुरावा शोधायचं ओझं पूरग्रस्ताच्याच डोक्यावर का?

आता तुमचा चिखल. यंत्र चुकतं ते ‘तशीच वस्तू’ म्हणजे कुठली, हे ठरवताना. फ्रिजच्या वीजबचतीच्या स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुना पाच स्टारचा फ्रिज आजच्या तक्त्यात तीन स्टारचाही भरू शकतो. मग ‘तसाच’ फ्रिज कुठला? यंत्राला जसं सांगाल तसं ते करेल, आणि कंपनी तीनच सांगेल. हा नियम पॉलिसीतच लिहिलेला हवा, आणि माझ्या मते पाचाला पाचच. पितळी पातेल्यांचं तर विचारूच नका. ती वजनावर विकली जातात आणि फोटोत वजन दिसत नाही. परदेशी याद्यांवर शिकलेलं यंत्र परातीला सरळ स्टीलचा मोठा ट्रे ठरवून मोकळं होतं. पैठणी फोटोत बघून येवल्याच्या हातमागावरची की यंत्रमागावरची हे त्याला सांगता येत नाही, आणि दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. अशा ठिकाणी यंत्राने अंदाज ठोकू नये, थांबावं आणि तुमच्यासारख्याला बोलवावं. तुमचा वेळ पंख्यांची आणि इस्त्र्यांची किंमत लिहिण्यात का जावा?

पैशांबद्दलचं तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पाणी ओसरल्यावर आधी भाड्याची खोली लागते, औषधं लागतात, वह्या-पुस्तकं लागतात. फ्रिज ठेवायला ओली भिंत आणि बंद वीज असेल तर तो घेऊन करायचं काय? तेव्हा वस्तू हवी की रोख हे घरच्यांनीच ठरवायचं, आणि काही वस्तू आत्ता, काही चार महिन्यांनी असंही चालायला हवं. पण रोख म्हणजे किती, यावर भांडण होतं. ब्रिटनमध्ये कंपन्या ठरलेल्या पुरवठादाराकडून सवलतीत माल घेतात. ग्राहकाने वस्तूऐवजी पैसे मागितले तर बऱ्याचदा सवलत वजा करूनच देतात. ग्राहकांच्या अशा तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या लोकपालाची भूमिका अशी, की कंपनीला योग्य बदली वस्तू देणं जमत नसेल तर सवलत कापता येणार नाही. मी त्याच्याही पुढे जाईन. पूरग्रस्ताला दुकानात जो भाव पडणार तोच रोखीत मिळायला हवा. कंपनीची घाऊक सवलत त्याच्या गळ्यात मारायची नाही.

कंपन्या यातून पैसे वाचवू बघतील हे खरंच आहे. पण सर, घसारा, म्हणजे वस्तू जुनी म्हणून किमतीत होणारी घट, यंत्राच्या आधीपासून कापला जातोय, आणि कुठल्या दराने कापला हे दावेदाराला क्वचितच कळतं. यंत्राकडून निदान प्रत्येक ओळीचा हिशोब मागता येतो: कुठलं मॉडेल धरलं, कुठल्या दिवशीचा भाव, घसारा किती आणि कुठल्या कलमाखाली. ही ओळ घरच्यांना मराठीत, फोनवर दिसलीच पाहिजे. ती दाखवायची नसेल तर असं यंत्र मलाही नको.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. यंत्राला ‘हो’ म्हणायची मुभा असावी, ‘नाही’ म्हणायची नसावी. रक्कम कापायची किंवा वस्तू नाकारायची, तर त्या पत्रावर कंपनीतल्या माणसाचं नाव, हुद्दा, सही आणि पॉलिसीचं कलम हवं. ते पत्र घेऊन कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे. तिथे तक्रारीला फी लागत नाही, वकीलही लागत नाही. आणि पितळेचे भाव तुम्ही २०१९ मध्ये कसे लावले होतेत ते सविस्तर लिहा. मोडीचा भाव धरलात की नव्या भांड्याचा?